डुकराच्या आतड्यातली बुरशी आणि शेडमधले निर्णय

पिल्लांचे दूध कितव्या दिवशी तोडायचे, खाद्य कोरडे द्यायचे की भिजवून, खाली सिमेंट ठेवायचे की पेंढा अंथरायचा, खुराकात तांबे आणि जस्त किती मिसळायचे, आजार नसताना प्रतिजैविक द्यायचे का, हे वराहपालनातले रोजचे निर्णय आहेत. वजन, मरतूक आणि खर्च पाहून ते घेतले जातात. आतड्यातली बुरशी डोळ्यांसमोर ठेवून यातला एकही निर्णय आजवर कोणी घेतला नसेल. तरीही गेल्या वीसेक वर्षांतले संशोधन एकत्र वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. डुकराच्या पोटात कोणती बुरशी राहणार, केव्हा येणार आणि किती वाढणार, हे त्याच्या जातीपेक्षा त्याला पाळणाऱ्याचा हात जास्त ठरवतो.

हा विषय मागे का पडला, याचे कारण साधे आहे. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांमध्ये जिवाणूंची संख्या प्रचंड असते. विष्ठेतून काढलेल्या एकूण डीएनएमध्ये बुरशीचा वाटा एक टक्क्याहूनही बराच कमी भरतो. त्यामुळे जिवाणूंच्या मोजणीत बुरशी किरकोळ ठरली आणि बाजूला पडली. पण यीस्टची एक पेशी आकारमानाने जिवाणूच्या कितीतरी पट मोठी असते. तिची भिंत ग्लुकान, मॅनान आणि कायटिन या पदार्थांची असते आणि प्राण्याची रोगप्रतिकारशक्ती हे पदार्थ लगेच ओळखते. संख्येने थोड्या असलेल्या या पेशी शरीराशी बोलण्यात कमी पडत नाहीत.

सुरुवात मात्र लवकर झाली होती. पोर्तुगालमध्ये निकोलाऊ व्हान उडेन आणि लिडिया दो कार्मो सौसा यांनी 1957 मध्ये जनावरांच्या आतड्यातल्या एका यीस्टचे वर्णन केले आणि त्याला कॅन्डिडा स्लूफी हे नाव दिले. पुढच्याच वर्षी घोडे, मेंढ्या, शेळ्या आणि डुकरे यांच्या आतड्यांतल्या यीस्टची पाहणी प्रसिद्ध झाली. मेंढ्या-शेळ्यांमध्ये यीस्ट क्वचित सापडले, डुकरांमध्ये मात्र बहुसंख्य जनावरांत. हे सारे काम बशीत वाढवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, कोणती साखर आंबवते ते तपासून केलेले होते. याच अभ्यासकांच्या परंपरेत आणखी एक निरीक्षण नोंदले गेले, आणि मला ते आजही या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. हे यीस्ट थंडी सहन करत नाही. वीस अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे युरोपातल्या नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, ते वाढतच नाही. त्याला शरीराची ऊब लागते.

आज त्याच यीस्टला कझाकस्तानिया स्लूफिए म्हणतात. 2008 मध्ये जर्मनीतल्या व्लादिमीर उरुबशुरोव्ह आणि सहकाऱ्यांनी दूध तोडलेल्या पिल्लांच्या पचनमार्गातल्या यीस्टचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्ले वेगवेगळ्या फार्मवरची होती, एक प्रायोगिक आणि एक व्यावसायिक. दोन्हीकडे आढळणाऱ्या यीस्टचा मेळ वेगळा निघाला. फार्म बदलला की पोटातली बुरशी बदलते, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारा डुकरांवरचा हा पहिल्या काही निबंधांपैकी एक म्हणावा लागेल. पुढे 2019 पासून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात केटी समर्स, अ‍ॅन आर्फकेन आणि त्यांच्या गटाने डीएनएच्या आधारे पिल्लांचा पाठपुरावा केला. जन्मापासून दूध तोडेपर्यंत आणि त्यानंतरचे काही आठवडे पुन्हा पुन्हा नमुने घेतले. त्यातून उभे राहिलेले चित्र या क्षेत्राचा कणा आहे.

दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात बुरशी विस्कळीत असते. आज एक जात दिसते, उद्या दुसरी, आणि एकाच वेताच्या दोन भावंडांतही फरक असतो. कोणाचीच वस्ती पक्की झालेली नसते. दूध तुटते आणि काही दिवसांतच कझाकस्तानिया स्लूफिए वर येते. दोनेक आठवड्यांत बुरशीच्या मोजणीत तिचाच वरचष्मा होतो. जिवाणूंचा समाजही याच दिवसांत उलटापालटा होतो, पण तो पुढे महिनोन्‌महिने रूप बदलत राहतो. बुरशीची बाजी मात्र एका झटक्यात लागते. डुकराच्या आयुष्यात आतड्यातल्या बुरशीवर एवढा परिणाम करणारी दुसरी घटना नाही. आणि ही घटना कोणत्या दिवशी घडणार, हे पूर्णपणे माणसाच्या हातात असते.

दूध तुटल्यावर नेमके काय बदलते, ते पाहू. दुधातली साखर लॅक्टोज असते आणि बऱ्याच यीस्टना ती वापरता येत नाही. पावातल्या नेहमीच्या यीस्टलाही ती पचत नाही. मका, गहू, सोयापेंड असा खुराक सुरू झाला की पिष्ट फुटून ग्लुकोज मोकळे होते आणि यीस्टला प्रथमच भरपूर अन्न मिळते. आईच्या दुधातून येणारी प्रतिपिंडे एका दिवसात बंद होतात, तर पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते. पिल्लाचे पोट अजून पुरेसे आम्ल तयार करत नाही. नवी जागा, अनोळखी पिल्ले, मारामाऱ्या यांचा ताण असतो. पहिला दिवस-दीड दिवस बरीच पिल्ले तोंडच लावत नाहीत, मग एकदम खातात. आतड्याच्या आतल्या केसाळ अस्तराची उंची घटते. ई. कोलाय जिवाणूंच्या विषारी जाती याच संधीची वाट पाहत असतात, म्हणून दूध तुटल्यावरची हगवण हा जगभरच्या वराहपालकांचा सर्वांत जुना शत्रू आहे.

आता दिवसांचा हिशेब पाहा. रानडुकराचे किंवा मोकळ्या वातावरणातल्या डुकरिणीचे पिल्लू हळूहळू दुधावरून उतरते. पूर्ण सुटायला तीन ते चार महिने लागू शकतात. या काळात ते आईबरोबर माती उकरते, मुळे खाते आणि आईची विष्ठाही चाखते. म्हणजे नवे अन्न आणि नवे सूक्ष्मजीव त्याला थोडे थोडे, आईचे दूध चालू असतानाच मिळतात. युरोपीय संघाच्या नियमाने साधारण मर्यादा 28 दिवसांची आहे. वेगळी स्वच्छ केलेली जागा असेल तर 21 दिवसांना परवानगी मिळते. अमेरिकेत तीन आठवडे हा सर्रास प्रघात आहे. 1990 च्या दशकात तर तिथे याहून आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच पिल्ले आईपासून तोडून दूरच्या शेडमध्ये नेण्याची पद्धत जोरात होती. आईचे रोग पिल्लांकडे जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू होता. युरोपच्या सेंद्रिय नियमांत हाच काळ किमान सहा आठवड्यांच्या आसपास ठेवलेला आहे. म्हणजे तीन आठवडे, चार आठवडे, सहा आठवडे आणि निसर्गातले चार महिने अशा चार वेळापत्रकांत एकाच प्राण्याचे आतडे घडते आहे. बुरशीवरचे बहुतेक अभ्यास यातल्या पहिल्या दोन वेळापत्रकांतल्या पिल्लांवर झालेले आहेत. ‘डुकराच्या आतड्यातली बुरशी’ म्हणून आपण जे वाचतो, ते खरे तर लवकर दूध तोडलेल्या, बंद शेडमधल्या, गोळी खाद्य खाणाऱ्या डुकराच्या आतड्यातली बुरशी असते. कोणताही निबंध वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

कझाकस्तानिया स्लूफिए पिल्लाला लाभदायक आहे का? तिचे लॅक्टोबॅसिलस आणि प्रिव्होटेला या जिवाणूगटांशी संख्येचे नाते दिसते, म्हणजे एक वाढते तेव्हा दुसरेही वाढलेले आढळते. 2021 मध्ये समर्स यांच्या गटाने तिचा सविस्तर अभ्यास करून ती आतड्यातली सहवासी बुरशी असावी, असा प्रस्ताव मांडला. शरीराला ती इजा करते असे त्यात दिसले नाही. पण संख्येचे नाते म्हणजे कार्यकारण नव्हे. तिला खाद्य मिळाले म्हणून ती वाढली आणि त्याच खाद्यावर प्रिव्होटेलाही वाढला, एवढाच अर्थ असू शकतो. तिच्या नात्यातल्या उंदरांमधल्या यीस्टवर मात्र अलीकडे फार चांगले काम झाले आहे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या इलियेव्ह यांच्या गटाने दाखवले की कझाकस्तानिया पिंटोलोपेसिआय हे यीस्ट मोकळ्या उंदरांकडून प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे जाते, तिथे पक्के वसते आणि प्रतिकारशक्तीचा कल बदलते. त्यामुळे आतड्यातल्या कृमींपासून संरक्षण वाढते, पण अ‍ॅलर्जीचा धोकाही वाढतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सापडलेल्या याच कुळातल्या दुसऱ्या यीस्टने उंदरांच्या आतड्यातून कॅन्डिडा या रोगकारक ठरू शकणाऱ्या यीस्टला हटवले. या दोन कामांमुळे डुकरातल्या त्यांच्या बहिणीकडे मी जास्त गांभीर्याने पाहतो. एखाद्या आतड्यात आधी कोण वसले, यावर पुढे कोणाला जागा मिळेल हे ठरत असेल, तर दूध तोडण्याचा आठवडा डुकराच्या पुढच्या आयुष्यासाठी फार मोलाचा ठरतो.

इथे एक कठीण प्रश्न येतो. विष्ठेत सापडलेली प्रत्येक बुरशी आतड्यात राहणारी असते का? अजिबात नाही. खाद्यातल्या मक्यावर चढलेली अ‍ॅस्परजिलस, पेंढ्यावरची म्युकर, हवेतली क्लॅडोस्पोरियम, फीडमध्ये मुद्दाम मिसळलेले यीस्ट, या सगळ्यांचा डीएनए पोटातून जाऊन विष्ठेत उतरतो. माणसांवरच्या 2018 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी लोकांच्या विष्ठेत सापडणाऱ्या बऱ्याच यीस्टचा माग तोंडातल्या किंवा जेवणातल्या यीस्टपर्यंत गेला. जेवणातून यीस्ट काढले की विष्ठेतूनही ते गेले. डुकरांच्या बाबतीत हा गोंधळ आणखी मोठा आहे, कारण डुकराचे थोबाड दिवसभर जमिनीला टेकलेले असते. त्यामुळे ‘सेंद्रिय फार्मवरच्या डुकरांमध्ये बुरशीची विविधता जास्त’ असा निष्कर्ष वाचला की मी आधी विचारतो: आतड्यात विविधता जास्त होती की खाल्लेल्या मातीत?

मोजण्याच्या पद्धतीतही अडचणी आहेत. बुरशी ओळखण्यासाठी डीएनएच्या आयटीएस नावाच्या पट्ट्याचा वापर 2012 पासून जवळजवळ सर्वमान्य झाला. पण हा पट्टा वेगवेगळ्या बुरशींत वेगवेगळ्या लांबीचा असतो आणि एका पेशीत त्याच्या किती प्रती असतात, हेही जातीनुसार बदलते. आखूड पट्टा जास्त सहज वाढवला जातो. जाड भिंतीच्या पेशी नीट फुटल्या नाहीत तर त्यांचा डीएनए बाहेरच येत नाही. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे असते. म्हणूनच व्हान उडेन यांचे जुने निरीक्षण मला किल्लीसारखे वाटते. ऊब असल्याशिवाय जे यीस्ट वाढतच नाही, ते युरोपातल्या थंड गव्हाणीत किंवा सायलोत वाढून पोटात उतरलेले नसणार. ते आतड्याचेच रहिवासी असणार. वाढीच्या तापमानाची ही साधी कसोटी आजच्या महागड्या यंत्रांच्या निकालांना जोडली, तर वाटसरू आणि रहिवासी यांची बरीच वाटणी होऊ शकते. असे काम फारच कमी लोक करतात, याची मला खंत वाटते.

खाद्याकडे वळू. डेन्मार्क, नेदरलँड्स आणि उत्तर युरोपात बऱ्याच फार्मवर पातळ खाद्य देतात. धान्याचा भरडा पाण्यात किंवा दूध-उद्योगाच्या निवळीत मिसळून नळ्यांतून गव्हाणीत सोडतात. ते काही तास टाकीत राहिले की आपोआप आंबते. आंबोळीच्या पिठासारखेच, आधी कोण वाढेल हे ऊब आणि वेळ ठरवते. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू जोरात आले तर आम्लता वाढते, साल्मोनेलासारखे जिवाणू दबतात आणि पिल्लांच्या पोटाला आधार मिळतो. पण आम्लता यीस्टला त्रास देत नाही, उलट तिच्यात ते सुखाने राहते. यीस्ट फार वाढले की साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड होतात, टाकी फसफसते, खाद्यातली ऊर्जा हवेत जाते आणि चव बिघडल्यामुळे डुकरे कमी खातात. शिवाय अनियंत्रित आंबवणात खाद्यात घातलेले लायसीन हे अमिनो आम्ल जिवाणू मोडून टाकतात. म्हणून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पूर्ण खाद्याऐवजी फक्त धान्य आंबवून नंतर बाकीचे घटक मिसळण्याचा पर्याय तपासला. पातळ खाद्य खाणाऱ्या डुकराच्या पोटात रोज जिवंत यीस्टचा मोठा लोंढा जातो. त्याच्या विष्ठेची तुलना कोरडी गोळी खाणाऱ्या डुकराशी करताना हा फरक बाकी सगळ्या फरकांवर मात करतो. गोळी खाद्य बनवताना ते वाफेवर तापवले जाते आणि त्यातले बरेचसे जिवंत यीस्ट तिथेच मरते.

खाद्यावरच्या बुरशीचे विष हा वेगळा आणि जास्त गंभीर मुद्दा आहे. धाग्यांच्या बहुतेक बुरशीला वाढायला प्राणवायू लागतो. मोठ्या आतड्यात तो जवळजवळ नसतो, त्यामुळे ती तिथे फारशी तग धरत नाही. पण शेतात किंवा कोठारात तिने आधीच तयार करून ठेवलेले विष पोटात पोचते. डुक्कर या विषांबाबत पाळीव जनावरांमध्ये सर्वांत हळव्यांपैकी एक आहे. डिऑक्सिनिव्हॅलेनॉलने ते खाणे टाकते, ओकते. झिअरॅलेनोनने माद्यांच्या योनीला सूज येते आणि माज बिघडतो. फ्युमोनिसिनने फुफ्फुसांत पाणी भरते. डेन्मार्कमध्ये ऑक्राटॉक्सिनमुळे डुकरांच्या मूत्रपिंडाचा आजार होतो, हे 1970 च्या दशकात पाले क्रोग यांनी प्रस्थापित केले. यातले डिऑक्सिनिव्हॅलेनॉल आतड्याच्या अस्तरालाच दुखापत करते. अस्तर दुखावलेल्या आतड्यात वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मेळ बदलणारच. कोठारातला ओलावा आणि आतड्यातली बुरशी यांचे नाते असे दोन पायऱ्यांनी जोडलेले आहे.

आता औषधे आणि धातू. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, बुरशीला नाही. जिवाणू हटले की यीस्ट फोफावते, हे माणसांच्या वैद्यकात 1950 च्या दशकापासून माहीत आहे. उंदरांवरच्या कामातून कारणही पुढे आले आहे. आतड्यातले काही विशिष्ट जिवाणू कॅन्डिडाला पाय रोवू देत नाहीत, आणि प्रतिजैविकाने ते मेले की दार उघडते. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा स्वीडनने 1986 मध्ये थांबवली. युरोपीय संघात 1 जानेवारी 2006 पासून ती पूर्ण बंद झाली. अमेरिकेने 2017 पासून माणसांसाठी महत्त्वाची असलेली प्रतिजैविके वाढीसाठी वापरण्यावर बंदी घातली. चीनने 2020 मध्ये खाद्यातली वाढीची प्रतिजैविके बंद केली. भारताने 2019 मध्ये पाळीव जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आणली. 2016 मध्ये फ्रान्स, डेन्मार्क आणि चीन इथल्या 287 डुकरांच्या आतड्यातल्या जनुकांची मोठी सूची प्रसिद्ध झाली, तेव्हा देशांच्या औषधधोरणाचा ठसा प्रतिकार-जनुकांत स्पष्ट दिसला होता. तसा हिशेब बुरशीसाठी या मोठ्या बदलाच्या आधी आणि नंतर करायला हवा होता. जुने नमुने शीतपेट्यांत असतील तर अजूनही करता येईल.

तांब्याची कथा महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदाराला लगेच कळेल. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण केवड्यावर फवारतात, ते तांबे बुरशीला मारते म्हणून. हेच मोरचूद डुकराच्या खाद्यात जाते. इंग्लंडमधले संशोधक राफेल ब्रॉड यांच्या 1940 च्या दशकातल्या निरीक्षणांपासून सुरुवात झाली. पुढे 1950 च्या दशकात किलोमागे 250 मिलिग्रॅम तांबे दिले की डुकरे झपाट्याने वाढतात, हे सिद्ध झाले. ही मात्रा डुकराच्या पोषणाच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. न वापरलेले तांबे शेणखतातून शेतात जाते, म्हणून युरोपीय संघाने 2018 मध्ये मर्यादा कडक केल्या: दूध तुटल्यावर पहिले चार आठवडे 150, पुढचे चार आठवडे 100, आणि नंतर फक्त 25 मिलिग्रॅम. जस्ताचेही तसेच. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये हान्ने दामगार्ड पोल्सन यांनी दाखवले की किलोमागे 2500 मिलिग्रॅम जस्त झिंक ऑक्साइडच्या रूपात दिले की दूध तुटल्यावरची हगवण घटते. ती मात्रा जगभर पसरली. मातीत जस्त साठते आणि जिवाणूंची औषधाला दाद न देण्याची शक्ती वाढते, म्हणून युरोपीय संघाने जून 2022 पासून औषधी मात्रेतल्या झिंक ऑक्साइडवर बंदी घातली. प्रतिजैविके फक्त जिवाणूंवर चालतात. तांबे दोघांवर चालते, आणि बेन्झॉइक आम्लासारखे पर्याय तर मुळातच लोणची-सरबतांत यीस्ट आणि बुरशी रोखण्यासाठी वापरले जाणारे पदार्थ आहेत. हगवणीविरुद्धच्या प्रत्येक उपायाचा बुरशीवर वेगळा परिणाम होणार, हे यावरून उघड आहे. तरीही खाद्य-पूरकांच्या बहुतेक चाचण्यांत जिवाणूंचीच मोजदाद होते.

जमिनीचा आणि मोकळेपणाचा मुद्दा. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातून 2009 मध्ये आलेल्या एका अभ्यासात पिल्ले बाहेर मैदानात, बंद शेडमध्ये आणि अतिस्वच्छ वेगळ्या जागेत वाढवली. मैदानातल्या पिल्लांत लॅक्टोबॅसिलस भरपूर होते. बंद जागेतल्या पिल्लांच्या आतड्यात दाहाशी संबंधित जनुके जास्त चालू होती. हा अभ्यास जिवाणूंचा होता. बुरशीबाबत त्याची जोड उंदरांकडून मिळते. 2020 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या उंदरांना बाहेरच्या कुंपणात मोकळे सोडले. काही आठवड्यांत त्यांच्या आतड्यांत बुरशी वाढली आणि रक्तातल्या ग्रॅन्युलोसाइट पेशीही वाढल्या. जातीपेक्षा जागा किती प्रभावी ठरते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. डुकरांतही आनुवंशिकतेचा वाटा तपासला गेला आहे. फ्रान्समध्ये 2020 मध्ये लार्ज व्हाइट जातीच्या पाचशेहून अधिक पिल्लांवर केलेल्या कामात काही गटांपुरताच आणि मर्यादित वंशवाटा आढळला. आई आणि पिल्लू यांच्या नात्यातही मला वंशापेक्षा शेडची रचनाच महत्त्वाची वाटते. जाळीदार जमिनीवर विष्ठा खाली पडते आणि पिल्लाच्या तोंडी लागत नाही. एक तुकडी गेली की शेड धुऊन, औषध मारून, वाळवून मगच दुसरी आणतात. रोगांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यातून आईकडून पिल्लाकडे जाणारी सूक्ष्मजीवांची वाट अरुंद होते, आणि तिच्यात बुरशीचीही वाट असते.

बाजारात जिवंत यीस्टची पाकिटे मिळतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए आणि त्याचाच बोलार्डी हा प्रकार प्रामुख्याने विकला जातो. यीस्टच्या भिंतीतले मॅनान ई. कोलायच्या काही जातींना चिकटून धरते आणि ग्लुकान प्रतिकारशक्तीला जागे ठेवते, हे खरे आहे. काही चाचण्यांत हगवण कमी झाली, काहींत काहीच फरक पडला नाही. हे यीस्ट डुकराच्या आतड्यात वसत नाही. खाद्यातून देणे बंद केले की ते निघून जाते. म्हणून ‘आतड्यातली बुरशी सुधारते’ असा पाकिटावरचा दावा मला मान्य नाही. दिले तोवर उपयोग होऊ शकतो, एवढेच त्याबद्दल प्रामाणिकपणे म्हणता येते.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे, म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. 2019 च्या पशुगणनेत भारतात सुमारे 90 लाख डुकरे होती, 2012 पेक्षा बारा टक्क्यांनी कमी. आसामात सर्वांत जास्त, एकवीस लाखांच्या आसपास. ईशान्येत घरोघरी तांदळाची बिअर होते आणि तिचा उरलेला चोथा डुकराला मिळतो. त्यात सॅकरोमायसिस आणि भात फोडणारी र्‍हायझोपससारखी बुरशी भरपूर असते. म्हणजे युरोप ज्या आंबवलेल्या खाद्यावर प्रयोग करतो, ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. गोव्यात अगोंदा गोवन ही काळ्या रंगाची छोटी देशी डुकरे आहेत. नोंदणी झालेल्या भारतीय जातींत त्यांचा समावेश आहे. मोकळी फिरून, खरकटे आणि जमिनीतले मिळेल ते खाऊन ती वाढत आली. महाराष्ट्रात वडार आणि कैकाडी समाजातली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळत आली आहेत. शहरांभोवतीचे फार्म हॉटेलातल्या उरलेल्या अन्नावर चालतात. ते अन्न न उकळता देणे धोक्याचे आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात शिरला, तेव्हापासून तर हा धोका अंगावरच आला आहे. उकळल्याने विषाणूबरोबर त्या अन्नातली बुरशीही मरते, हे इथे नोंदवले पाहिजे.

आणि आपल्या हवेतल्या दोन गोष्टी युरोपच्या निबंधांत नाहीत. पहिली म्हणजे ऊब. स्लूफिएला युरोपातली थंड जमीन वाढू देत नाही. कोकणात किंवा आसामात उन्हाळ्यात शेडची जमीन तीस अंशांच्या वर असते. मग हे यीस्ट इथे आतड्याबाहेरही वाढत असेल का? माझ्या मते हा प्रश्न तपासण्याजोगा आहे, आणि त्याला फार पैसाही लागणार नाही. दुसरी म्हणजे ओलावा. पावसाळ्यात गोण्यांतला मका सादळतो आणि अ‍ॅस्परजिलस त्यावर अफ्लाटॉक्सिन तयार करते. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी चढलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृत बिघडून दगावली होती. तोच मका डुकराच्या गव्हाणीत पडला तर कोणी मोजत नाही.

या सगळ्या वाचनातून माझे मत असे बनले आहे. दूध तोडण्याचे वय आणि त्या आठवड्यातले खाद्य यांचा प्रभाव सर्वांत मोठा आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. औषधे आणि धातू यांचा परिणाम होत असणार हे तर्काने पटते, पण डुकरांतला पुरावा पातळ आहे. मोकळी जागा आणि सेंद्रिय पद्धत यांबद्दलचे दावे, वाटसरू आणि रहिवासी वेगळे केल्याशिवाय, मी राखूनच वाचतो. आणि परदेशातली तीन आठवड्यांची दूधतोडणी आपल्या लहान फार्मवर जशीच्या तशी आणू नये, असे मला ठामपणे वाटते. ती पद्धत तापवलेली शेड, झिंक ऑक्साइड आणि औषधे यांच्या आधारावर उभी राहिली. यातल्या एका आधारावर युरोपने स्वतःच बंदी घातली आहे. आपल्याकडे पिल्लू दीड महिना आईजवळ राहिले आणि तिसऱ्या आठवड्यापासून क्रीप फीड, म्हणजे दूध चालू असतानाच पिल्लांना वेगळे दिले जाणारे खाद्य, खात गेले, तर आतड्याला नवे अन्न आणि नवे सोबती सोसायला वेळ मिळतो.

गुवाहाटीजवळच्या राणी इथे वराह संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाखाली मुंबईसह अनेक महाविद्यालये आहेत. खाद्याच्या, लसीच्या, जातीच्या चाचण्या तिथे चालूच असतात आणि विष्ठेचे नमुने घेतले जातातच. त्याच नमुन्यांतला थोडा भाग बुरशीसाठी बाजूला ठेवा, दूध तोडण्याआधी एक आणि नंतर दोन आठवड्यांनी एक नमुना घ्या, आणि सोबत त्या दिवशीच्या खाद्याचाही एक नमुना जपून ठेवा. अगोंदाच्या, घुंगरू या देशी जातीच्या, मोकळ्या फिरणाऱ्या डुकराच्या आतड्यात काय आहे, ते ही डुकरे शिल्लक आहेत तोवर पाहून घ्यायला हवे. आणि वराहपालकांना एवढेच सांगणे आहे की पावसाळ्यात मका फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि कुबट वास आला तर ती गोणी डुकराला घालू नका.